मीठ, मोहरी आणि दुसरा बेस

अमेरिकेहून परत आल्यापासून मला एकच प्रश्न विचारला जातोय. नायगरा कसा वाटला? मी नायगरा पाहिला नाही म्हटलं, की मी काशीला जाऊन गंगेत पाय न बुडवता परत आले असा समोरच्याचा चेहरा होतो. मग पुढचा प्रश्न, मग इतके दिवस तिथं केलंस तरी काय? प्रत्येकीला दारात उभं राहून सांगत बसण्यापेक्षा एकदा लिहूनच टाकते. नायगऱ्याला जायचं ठरलं होतं. माझ्या थोरल्या बहिणीने, नलूताईने, हॉटेलसुद्धा बुक केलं होतं. ते आम्ही कॅन्सल केलं आणि त्या रविवारी एका लहानशा गावच्या मैदानावर बसून बेसबॉलचा सामना पाहिला. मला त्याची जराही हळहळ नाही.

माझ्याबद्दल एवढंच सांगते, की मी सोलापूरच्या पोस्टातून रिटायर झालेली बाई आहे, आणि आमच्या ह्यांच्या क्रिकेट क्लबाचं स्कोअरिंग मी वर्षानुवर्षं केलेलं आहे. घरचा नवरा मैदानावर आणि मी तंबूत पेन्सिल घेऊन. रन-आउट झाल्यावर धावा किती धरायच्या यावरून मोठमोठे पुरुष एकमेकांच्या गळपट्ट्या धरायचे, ती भांडणं मी सोडवलेली आहेत. त्यामुळे खेळ बघायला मला आग्रह करावा लागत नाही. बेसबॉल मात्र कधी पाहिला नव्हता. तो म्हणजे आपल्या विटीदांडूचा शिकलेला भाऊ असेल, एवढीच माझी समजूत होती.

शुक्रवार, कॅरी

नलूताई नॉर्थ कॅरोलायनातल्या कॅरी गावात राहते. हे गाव आहे की जंगल, हे मला पहिले दोन दिवस कळलं नाही. जिकडे बघावं तिकडे उंच उंच पाइनची झाडं, आणि झाडांच्या मागे घरं लपून बसलेली. रस्त्यावर माणूस दिसेल तर शपथ. कोथिंबिरीची जुडी आणायची तरी ताई गाडी काढते. उन्हाळा सोलापूरइतकाच कडक, पण आपला उन्हाळा भाजतो आणि तिथला उकडतो. बाहेर पाऊल टाकलं की चष्म्यावर वाफ धरते.

ताईचे यजमान, आमचे भाऊजी, एका औषधाच्या कंपनीत केमिस्ट आहेत. मुलगा बेलव्ह्यूला, मुलगी शुगर लँडला, दोघंही आपापल्या नोकरीत. म्हणजे वरच्या मजल्यावरच्या खोल्या रिकाम्या, असं मी धरून चालले होते. शुक्रवारी सकाळी चहाला खाली आले तर स्वयंपाकघरात एक अवाढव्य गोरा तरुण बसलेला. दाराच्या चौकटीला डोकं लागेल एवढी उंची. तो हाताने थालीपीठ मोडून शेंगाच्या चटणीशी खात होता, आणि ती चटणी मी सोलापूरहून आणलेली होती.

"गुड मॉर्निंग, सुमामावशी," तो म्हणाला.

मी जागच्या जागी उभी राहिले. ताई तव्यावरून मान न वळवता म्हणाली, "अगं, हा डॅनी. वर राहतो आपल्याकडे. काल गावाबाहेर मॅच होती म्हणून दिसला नाही तुला. बस, तुझंपण लावते."

मग हळूहळू उलगडा झाला. बेसबॉलचे मोठे संघ मोठ्या शहरांत असतात, आणि त्यांच्या हाताखाली लहान लहान गावांतून छोटे संघ असतात. आपल्याकडच्या तालमींसारखे. तिथं पोरं घासून तयार करायची, बरी निघतील ती वर न्यायची, उरलेली घरी पाठवायची. ह्या छोट्या संघांतल्या खेळाडूंना पगार बेताचा, म्हणून गावातली कुटुंबं त्यांना हंगामभर आपल्या घरी ठेवून घेतात. आपल्याकडे पूर्वी गरीब विद्यार्थी वार लावून जेवायचे, तशातलाच हा प्रकार. फरक इतकाच की इथं सातही वार एकाच घरी. ताईने गेल्या वर्षी नाव दिलं आणि तिच्या पदरात डॅनी पडला.

"मी सांगत होतो, परका माणूस घरात कशाला," भाऊजी मला म्हणाले. "आता रात्री तो आला नाही की मीच गराजचा लाइट चालू ठेवतो."

थालीपीठ संपवून डॅनीने बशी स्वतः विसळून ठेवली, खांद्याला पिशवी लावली आणि दारातून वळून स्वच्छ मराठीत म्हणाला, "येतो, मावशी!"

मला हसू आवरेना. ताई म्हणाली, "पहिल्या दिवशी 'आय ॲम गोइंग' म्हणाला. म्हटलं, बाबा रे, आमच्या घरातून बाहेर पडताना जातो म्हणायचं नाही. एवढं एक वाक्य पक्कं करून घेतलं."

शनिवार

शनिवारी दुपारी डॅनीने जेवणाच्या टेबलावर चार वाट्या मांडून मला खेळ शिकवला. ही वाटी घर, ही पहिला बेस, ही दुसरा, ही तिसरा. शेंगदाणा म्हणजे फलंदाज. चेंडू मारायचा आणि पळायचं. पहिल्या वाटीवर सुखरूप पोचला तर सिंगल, दुसरीवर डबल, तिसरीवर ट्रिपल, आणि चेंडू कुंपणापलीकडे गेला तर होम रन, मग चारी वाट्या फिरून रमतगमत घरी. घरी पोचला की संघाची एक धाव.

"ह्यांतलं सगळ्यांत अवघड काय? होम रन?" मी विचारलं.

"ट्रिपल," तो म्हणाला. "होम रनला ताकद लागते. ट्रिपलला ताकद, पाय आणि नशीब तिन्ही लागतं. माझ्याकडे ह्यांतल्या दोन गोष्टी आहेत."

तिसरी कोणती नाही ते मी विचारलं नाही. तो मात्र शेंगदाणा खाऊन मोकळा झाला.

तो वर गेल्यावर ताईने मला खरी गोष्ट सांगितली. डॅनी सव्वीस वर्षांचा. ह्या खालच्या पातळीवर सव्वीस म्हणजे पेन्शनीचं वय. मागच्या मोसमात खांदा दुखावला, तेव्हापासून तो बहुतेक बाकावरच बसून असतो. आणि सोमवारी ह्याच्याच जागेवर खेळणारा एक नवा, लहान, फार नावाजलेला पोरगा संघात येणार होता. एक आला की एकाला जावं लागतं. कुणी तसं तोंडाने बोललं नव्हतं, पण सगळ्यांना ठाऊक होतं.

"उद्या त्याला खेळवणारेत," ताई म्हणाली. "नेहमीच्या पोराचा गुडघा सुजलाय म्हणून. उद्याची मॅच बहुतेक त्याची शेवटची. सुमे, तुला राग येणार नसेल तर नायगरा आपण पुढच्या खेपेला बघू या का?"

मी म्हटलं, नायगरा काही पळून जात नाही, पाणी काय, पडतच राहणार. खरं सांगायचं तर मला जरा वाईट वाटलं होतं. पण तीस वर्षं परदेशात राहिलेल्या माझ्या ह्या बहिणीने स्वतःसाठी काही मागितलेलं मला आठवत नव्हतं.

रविवार, मैदानावर

सामना दुपारचा होता. कॅरीहून पाऊण तास गाडीने, दोन्ही बाजूंनी तंबाखूची शेतं. ताईने डब्यात थालीपिठं आणि पुडीत चटणी घेतली होती. "आत बाहेरचं खाणं चालत नाही, मी आधीच सांगून ठेवतो," भाऊजी गाडीत तीनदा म्हणाले. दारावर पिशव्या तपासत होते. हल्ली तिकडे सगळीकडेच तपासणीचा जोर आहे. तिथल्या म्हाताऱ्या रखवालदाराने चटणीची पुडी उघडली, लाल भुकटी पाहिली, माझ्याकडे पाहिलं आणि नाक लावून जोरात वास घेतला. पुढची काही मिनिटं तो नुसता शिंकत होता. शेवटी त्याने डोळे पुशीत हाताने आम्हाला आत जायची खूण केली. भाऊजी आमच्यापासून चार हात लांबून चालत होते.

मैदान मात्र देखणं. एवढं हिरवंगार गवत मी फक्त लग्नाच्या हॉलमधल्या गालिच्यावर पाहिलं होतं. प्रेक्षक हजारभर असतील. कुटुंबच्या कुटुंबं आलेली, कुणाच्या मांडीवर तान्हं, कुणाच्या हातात उकडलेल्या शेंगांची पिशवी. हो, तिकडेही मिठाच्या पाण्यात उकडलेल्या भुईमुगाच्या शेंगा खातात, अगदी आपल्या आषाढातल्यासारख्या. मला एकदम माहेरी आल्यासारखं वाटलं. क्रिकेटला आपले लोक कसे टीव्हीवरच्या तज्ज्ञासारखे तावातावाने बोलतात, तसं इथं काही नव्हतं. लोक निवांत बसून खात होते आणि मधूनच टाळ्या वाजवत होते. एका सामन्यात छोटे छोटे नऊ डाव असतात, त्यांतल्या सातव्या डावात तर सगळं मैदान उठून उभं राहतं, आळोखेपिळोखे देतं, एक गाणं म्हणतं आणि परत बसतं. आमच्या क्लबात हे सुरू करायला हरकत नाही. दुपारच्या जेवणानंतर निम्मे प्रेक्षक घोरत असतात.

आमच्या पुढच्या बाकावर जोन नावाच्या एक बाई बसल्या होत्या. सत्तरीच्या पुढच्या, डोक्यावर गवती टोपी, मांडीवर स्कोअरचा कागद आणि कानामागे पेन्सिल. ताईची त्यांच्याशी ओळख होती. पेन्सिल पाहताच मला त्यांच्याबद्दल जिव्हाळा वाटला.

डॅनी पहिल्यांदा खेळायला आला आणि त्याने उजव्या कोपऱ्यात असा चेंडू मारला, की तो कुंपणाच्या कडेने गडगडतच गेला. डॅनी धावत सुटला. पहिला बेस, दुसरा बेस, आणि धुळीत पोटावर घसरत तिसरा. ताई उभी राहून ओरडली, "पळ रे!" आजूबाजूच्या सगळ्या अमेरिकनांनी वळून पाहिलं. मला टेबलावरच्या वाट्या आठवल्या. अवघडातलं अवघड ते पहिल्यांदाच झालं होतं.

दुसऱ्या वेळेला त्याने चेंडू कुंपणापलीकडे, पाइनच्या झाडांत घातला. होम रन. तिसऱ्या वेळेला डबल. एवढं झालं तरी आमचा संघ एका धावेने मागेच होता, कारण बाकीचे सगळे हजेरी लावून परत येत होते.

आता मला एक गंमत दिसली. डबल मारून पुढे घरी पोचल्यावर डॅनी खेळाडूंच्या बाकावर येऊन बसला, तर त्याच्या शेजारचे दोघं उठून लांब जाऊन बसले. कुणी त्याच्याशी बोलेना. पाणी द्यायलाही कुणी जाईना. वाळीत टाकल्यासारखा तो एकटा एका टोकाला.

"हे काय हो भाऊजी, भांडण झालं का?" मी विचारलं.

भाऊजी माझ्या कानाशी आले. एकाच खेळाडूने एकाच सामन्यात सिंगल, डबल, ट्रिपल आणि होम रन असे चारही फटके मारायचे, याला तिकडे सायकल म्हणतात. का म्हणतात देव जाणे, चाकं कुठं दिसत नाहीत. माणसं आयुष्यभर खेळतात आणि त्यांना हे जमत नाही. बघणारे आयुष्यभर बघतात आणि त्यांना हे दिसत नाही. डॅनीचे तीन झाले होते. राहिला होता तो सगळ्यांत सोपा, साधा सिंगल.

भाऊजींनी पुढेही काही सांगायला तोंड उघडलं होतं. पण मला धीर धरवला नाही. मी पुढे वाकले, जोनबाईंच्या खांद्यावर थाप मारली आणि पोस्टाच्या खिडकीतून ओरडायच्या सवयीने चांगल्या खणखणीत इंग्रजीत म्हणाले, "म्हणजे आता याला फक्त एक सिंगल मिळाला की सायकल पूर्ण!"

आमच्या पुढचे तीन बाक एकदम गप्प झाले. एकाने हातातली शेंग तशीच धरून ठेवली. एका बाईने डोळे मिटले. जोनबाईंनी हळूच पेन्सिल खाली ठेवली.

"सुमे!" ताई दात-ओठ खात म्हणाली. "ते बोलायचं नसतं!"

"मी हेच सांगणार होतो," भाऊजी म्हणाले.

जोनबाई वळल्या. त्या रागावल्या नव्हत्या, आणि तेच मला जास्त लागलं. एखाद्याच्या हातून असं काही घडत आलं असताना त्याचं नाव तोंडातून काढायचं नाही, त्याच्याशीही बोलायचं नाही आणि त्याच्याबद्दलही बोलायचं नाही, असं त्यांनी मला मुलीला समजवावं तसं समजावलं. बोललं की मोडतं. त्या तरुणपणापासून सामने बघतायत आणि त्यांना सायकल एकदाही बघायला मिळालेली नाही.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शेजारणीच्या तान्ह्या बाळाला कुणी "किती गुटगुटीत गं" म्हटलं, की त्याच्या गालाला काजळाचं बोट लावणारी मी. मला हे कुणी शिकवायला हवं होतं का? आणि डॅनीची ती शेवटची मॅच. त्याला माझीच दृष्ट लागावी?

"ताई, मीठ आहे का?"

"इथं कुठलं मीठ?"

"ते बघ." तिच्या पायाशी खाण्याच्या पुठ्ठ्याच्या ताटलीत मिठाच्या कागदी पुड्या पडल्या होत्या. आणि मिठाच्या शेजारी पिवळ्या पुड्या. तिकडे सॉसेजवर पिवळी मोहरी वाटून लावतात, त्याच्या. मीठ आणि मोहरी दोन्ही हजर. मला तर हा दैवी संकेतच वाटला.

"सुमे, प्लीज गं, लोक बघतायत," ताई म्हणाली. ती केमिस्टची बायको. पण दोन क्षणांनी तिनेच खाली वाकून आणखी दोन पुड्या उचलून माझ्या हातात दिल्या.

मी मुठी वळल्या, लांब बाकावर बसलेल्या डॅनीच्या दिशेने हात केले आणि ओवाळायला सुरुवात केली. आल्यागेल्याची, घरच्यादारच्याची, भुताखेताची, आणि सोलापूरहून आलेल्या आगाऊ बाईची दृष्ट लागली असेल तर ती जळून जावो. तिसऱ्या फेरीला मूठ जरा जोरात आवळली गेली आणि मोहरीची पुडी फुटली. पिवळी चिळकांडी थेट भाऊजींच्या पांढऱ्या शर्टावर. भाऊजी रुमाल काढून पुसायला लागले तर जोनबाईंनी त्यांचा हात धरला. आता काहीही पुसायचं नाही, म्हणाल्या. त्यांना ह्या विधीचं कुणी काही सांगितलं नव्हतं, पण त्यांना सगळं कळलं होतं.

"हे आता विस्तवात टाकावं लागतं," मी त्यांना सांगितलं.

त्यांनी हात पुढे केला, पुड्या घेतल्या आणि गुडघे धरत धरत सॉसेज भाजणाऱ्याच्या शेगडीकडे गेल्या. त्याच्या कानात काही बोलल्या. त्याने का, कशाला, एक शब्द विचारला नाही. झाकण उघडून सगळं निखाऱ्यांवर टाकलं. मला त्या क्षणी वाटलं, ही माणसं आपलीच आहेत, फक्त पाणी टाकून उकडलेली.

आठवा डाव आला. आमचा संघ अजून एका धावेने मागे. दोघं बाद झालेले, तिसरा बाद झाला की डाव संपणार. आमचा एक गडी तिसऱ्या बेसवर उभा, एक दुसऱ्यावर. दुसऱ्यावरचा होता ह्यूगो, संघाचा यष्टिरक्षक म्हणा हवं तर. गोल गरगरीत, कायम गुडघे दुखणारा, डॅनीचा जिवलग मित्र. तो धावतो तेव्हा मैदानाची दया येते. आणि खेळायला आला डॅनी.

ताईने माझा हात धरला होता, तिची नखं मला रुतत होती. पहिला चेंडू त्याने सोडला. दुसरा हुकला. तिसरा त्याने मारला, आणि तो उजवीकडे दोन क्षेत्ररक्षकांच्या मधून गवतात पडला.

तिसऱ्या बेसवरचा गडी आरामात घरी पोचला. बरोबरी. ह्यूगो दुसऱ्यावरून निघून तिसऱ्याला वळसा घालून घराकडे, हत्तीसारखा. डॅनी पहिल्या बेसवर पोचला होता. झालं, सिंगल झाला, सायकल झाली! आता नुसतं उभं राहायचं. पण क्षेत्ररक्षकाने चेंडू उचलून घराच्या दिशेने फेकला होता, जोरात, सरळ, आणि ह्यूगो अजून मध्येच होता. तो बाद होणार हे माझ्यासारख्या नवखीलाही दिसत होतं.

आणि डॅनी थांबला नाही. दोन्ही हात हलवत, सगळ्यांना दिसेल असा, तो दुसऱ्या बेसकडे धावत सुटला.

"अरे थांब! थांब ना!" भाऊजी ओरडले. पण प्रतिस्पर्धी संघाच्या मधल्या खेळाडूला तो दिसला होता. त्याने घराकडे जाणारा चेंडू वाटेतच अडवला, गर्रकन वळला आणि दुसऱ्या बेसवर फेकला. डॅनी अजून चार पावलं लांब होता. त्याच क्षणी ह्यूगो धापा टाकत घरी पोचला. मग दुसऱ्या बेसवरच्या खेळाडूने हातातला चेंडू डॅनीच्या खांद्याला टेकवला आणि पंचाने हात वर केला. आउट.

बाद झालेला माणूस पंचाकडे बघतो. मी आयुष्यभर तेच बघत आले. डॅनी धुळीत बसल्या बसल्या घराकडे बघत होता, ह्यूगो पोचला का ते.

डॅनी बाद व्हायच्या आधी तो घरी पोचला होता, म्हणून ह्यूगोची धाव धरली गेली. संघ एका धावेने पुढे. लोक उठून ओरडत होते, पण त्या ओरडण्यात मधेच एक हळहळ होती. ताई तर मटकन खाली बसली. "गेलं गं. आउट झाला. सिंगल घेऊन थांबला असता तर."

"अगं वेडे," मी म्हटलं, "दुसरी धाव घेताना रन-आउट झाला तर पहिली मोजतात की नाही? त्याचा पहिला बेस कुणी काढून घेतलाय?" हे मी सोलापुरात इतक्यांदा सांगितलं आहे, की मला शंकासुद्धा आली नाही. ताई माझ्याकडे बघतच राहिली. पुढे जोनबाई कागदावर वाकल्या होत्या आणि त्यांनी डॅनीच्या नावापुढे सिंगलची खूण केली होती. मग ध्वनिक्षेपकावर घोषणा झाली. सिंगल. आणि सायकल.

अख्खं मैदान उभं राहिलं. समोरच्या संघाच्या गोलंदाजाने टोपी काढली. ह्यूगोने पळत येऊन डॅनीला उचलायचा प्रयत्न केला आणि दोघंही पडले. जोनबाई रडत होत्या, ताई रडत होती, आणि मी कुणासाठी रडते आहे हे न कळता मीही रडले. नवव्या डावात समोरच्यांना काही जमलं नाही. आमचा संघ जिंकला. रखवालदार जाताना माझ्याकडे बघून हसला आणि परत शिंकला.

संध्याकाळी जेवताना ताईने डॅनीला विचारलंच, "तुला ठाऊक होतं ना, तुला फक्त एक हवाय ते?"

"मावशी, कुणी माझ्या शेजारी बसत नव्हतं. मला कळणार नाही का?"

"मग थांबला का नाहीस?"

त्याने वरण-भाताचा घास संपवला. "ह्यूगो पोचला नसता," तो म्हणाला, आणि आणखी वरण मागितलं. सायकलचा तो चेंडू त्याला आठवण म्हणून मिळाला होता, तो त्याने ह्यूगोलाच देऊन टाकला होता.

सोमवारबद्दल मात्र कुणी चकार शब्द काढला नाही. मैदानावरचा नियम आता घराला लागू झाला होता, आणि ह्या वेळी मीही तोंड गच्च मिटून होते.

सोमवार

सकाळी भाऊजी कंपनीत जायला खाली आले ते तोच पांढरा शर्ट घालून. पोटावर मोहरीचा पिवळा डाग तसाच. ताईने त्यांच्याकडे पाहिलं, मी पाहिलं. भाऊजींनी मुकाट्याने चहा घेतला. डॅनीने डाग पाहिला आणि त्याचा चेहरा क्षणभर वेगळाच झाला. मग पिशवी उचलून तो नेहमीसारखा म्हणाला, "येतो, मावशी."

ताईने मला सांगून ठेवलं होतं. त्याची मोठी बॅग, बॅटींची, मैदानावरच्या कपाटात असते. ती घेऊन आला तर समज.

दुपारभर आम्ही दोघी कसल्याशा शेंगा निवडत खिडकीशी बसलो. गाडी आली. तो उतरला. गाडीच्या मागे गेला, डिकी उघडली आणि ती लांबलचक बॅग काढून खांद्याला लावली. ताई उठली आणि तिने तवा ठेवला.

नव्या पोराला जागा करून दिली होती. मैदानावर काय घडलं त्याचा ह्या निर्णयाशी संबंध नव्हता, तो वरून आधीच झाला होता. डॅनी हे सगळं टेबलाशी बसून शांतपणे सांगत होता. "मॅनेजरने दार लावलं," तो म्हणाला. "मला वाटलं, होम रनबद्दल काहीतरी बरं बोलेल. तो म्हणाला, सायकल मारणारे मी पाहिलेत. मित्रासाठी आउट व्हायला निघालेला आणि तरी सायकल झालेला पहिल्यांदाच पाहिला. मग त्याने हात मिळवला आणि मला कागद दिले."

"वाईट वाटतंय का?" मी विचारलं. विचारायला नको होतं, पण राहवलं नाही.

"हो," तो म्हणाला. "फार." आणि थालीपीठ मोडायला लागला.

संध्याकाळी भाऊजी आले, त्यांनी बॅग पाहिली. "मीठ-मोहरी दृष्टीवर चालते," ते मला म्हणाले, "वरच्या ऑफिसवर नाही." मग स्वतःच शर्ट काढून वॉशिंग मशीनमध्ये टाकायला गेले. बराच वेळ ते तिकडून बाहेर आले नाहीत.

मंगळवार

तो सकाळी लवकर निघणार होता. ओहायोला, घरी, वडिलांच्या छपरं बसवायच्या धंद्यात. दिवसभराचा रस्ता. ताईने थालीपिठं बांधून दिली, मी उरलेली चटणी सगळी दिली. भाऊजींनी त्याच्या गाडीच्या चारी चाकांतली हवा तपासली, मग पुन्हा तपासली. हस्तांदोलन करताना त्यांनी त्याचा हात दोन्ही हातांत धरला आणि चटकन आत निघून गेले.

ताई ओट्याशी पाठ करून उभी होती, धुतलेलीच भांडी परत धूत. इतके महिने तो ह्या दारातून निघाला की संध्याकाळी परत यायचा. डॅनी दाराच्या चौकटीत जरा वाकून थांबला. अमेरिकन माणसं निरोप घेताना करतात तसं मिठी मारून तो काही लांबलचक बोलेल, असं मला वाटलं होतं.

"येतो, मावशी," तो म्हणाला.

ताईने नळ बंद केला. पदर नव्हता म्हणून ओल्या हातांनीच डोळे पुसले, आणि मग वळली.

"ये," ती म्हणाली.